वऱ्हाडात समुद्र विकताना

अकोल्यापासून मुंबईचा समुद्र रेल्वेनं जवळपास सहाशे किलोमीटर, अमरावतीपासून त्याहून जास्त. आमच्याकडे मोठं पाणी म्हणजे काटेपूर्णा, नाहीतर मोर्शीजवळचं अप्पर वर्धा धरण. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि नळ कोणत्या दिवशी येईल याची घराघरात चौकशी सुरू असते. अशा गावात बसून मी काही वर्षं लोकांना समुद्रावरच्या सहली विकल्या. रेल्वेची आरक्षणं, चारधाम, वैष्णोदेवी, बँकॉक-पटाया असा आमच्या ट्रॅव्हल ऑफिसचा नेहमीचा व्यवहार. त्यात २०१६ नंतर क्रूझची भर पडली आणि २०२० मध्ये ती एकाएकी गळून गेली.

क्रूझचं गिऱ्हाईक वऱ्हाडात कोण, असं मुंबईचे घाऊक एजंट मला हसून विचारायचे. गिऱ्हाईक भरपूर होतं. अकोल्याचे डाळमिलवाले, सरकी-तेलाचे व्यापारी, दोन्ही गावांतले डॉक्टर, वरुड-मोर्शीकडचे संत्रा बागाईतदार, बँकेतून नाहीतर शाळेतून निवृत्त झालेली जोडपी. दिवाळीनंतर कापूस-सोयाबीनचा पैसा हातात आला की चौकशी वाढायची. एकदा दुबई झाली, सिंगापूर झालं, आता काय नवीन, असा प्रश्न घेऊन लोक यायचे. पासपोर्ट न लागता, रात्रीच्या गाडीनं सकाळी मुंबई गाठून दुपारी जहाजात बसायचं आणि दोन-तीन दिवसांत परत यायचं, हे गणित त्यांना आवडायचं.

त्यांचे प्रश्न ठरलेले. पहिला : "भाऊ, जहाज डुबनार त नाही नं?" दुसरा : "जेवाले काय काय भेटते?" जैन आणि मारवाडी कुटुंबं तिसरा प्रश्न विचारत, की स्वयंपाकाची भांडी वेगळी असतात का. जहाज कोणत्या साली बांधलं, हे मात्र सहसा कोणी विचारत नसे. मीही आपण होऊन सांगत नसे. ते लपवावं असं त्यात काही आहे असं मला वाटत नव्हतं, आजही वाटत नाही.

मुंबईहून सुटणारी बहुतेक जहाजं दुसऱ्यांची वापरून झालेली किंवा वयानं मोठी होती. डिसेंबर २०१६ पासून इटलीच्या कोस्टा कंपनीचं 'निओक्लासिका' मुंबईहून मालदीवकडे जाऊ लागलं. तेही नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीचं. ऑक्टोबर २०१८ मध्ये मुंबई-गोवा 'आंग्रिया' सुरू झाली. कान्होजी आंग्र्यांचं नाव घेतलेली ही बोट मूळची जपानमधली प्रवासी बोट. आणि एप्रिल २०१९ मध्ये आली 'कर्णिका', जलेश क्रूझेस या नव्या भारतीय कंपनीची. सुभाषचंद्र यांच्या एस्सेल समूहाचं तिला पाठबळ होतं. जवळपास ७० हजार टनांचं, २४५ मीटर लांबीचं, दोन हजारांच्या आसपास प्रवासी घेणारं जहाज भारतीय कंपनीनं भारतीय प्रवाशासाठी चालवायचं, ही गोष्टच नवी होती. मुंबई-गोवा, मुंबई-दीव, मुंबई-दुबई असे फेरे होते. निव्वळ शाकाहारी आणि जैन जेवणाची सोय हा तर आमच्यासाठी जाहिरातीचा पहिला मुद्दा.

कर्णिका १९९० साली इटलीतल्या मोनफाल्कोनेच्या गोदीत 'क्राउन प्रिन्सेस' म्हणून बांधली गेली. डॉल्फिनच्या डोक्यासारखा दिसणारा तिचा गोलसर पुढचा भाग रेन्झो पियानो या नामवंत वास्तुविशारदाचा. २००२ मध्ये ती 'ए-रोझा ब्लू' झाली, २००४ मध्ये 'आयडाब्लू', २००७ मध्ये 'ओशन व्हिलेज टू', २००९ मध्ये ऑस्ट्रेलियात 'पॅसिफिक ज्वेल'. 'कर्णिका' हे तिचं सहावं नाव.

वापरलेलं जहाज घेण्यात कंजुषी नसते, नाइलाज असतो. प्रवासी क्रूझ जहाजं बांधणाऱ्या मोठ्या गोद्या जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. त्यांच्याकडे आज नोंदवलेलं जहाज हाती यायला कैक वर्षं लागतात. सध्याच्या सर्वांत मोठ्या जहाजांची किंमत २ अब्ज डॉलरच्या घरात जाते. बाजारपेठ तयार आहे की नाही हेच ज्याला अजून तपासायचं आहे, तो एवढा पैसा आणि एवढा वेळ कुठून आणणार? तो जुनं जहाज घेतो, रंगरंगोटी करतो, नाव बदलतो, स्वयंपाकघर आपल्या प्रवाशाच्या जिभेप्रमाणे लावतो आणि निघतो. जगातल्या अनेक क्रूझ कंपन्या अशाच उभ्या राहिल्या.

मी हे सगळं एका डाळमिलवाल्या गृहस्थांना समजावून सांगत होतो. त्यांना घरच्या लग्नाच्या वाढदिवसासाठी पंचवीसेक माणसं न्यायची होती. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मशीन जुनं असलं त चालते भाऊ. मालकाचं काय? त्याच्या कमरेत जोर हाय का?" जानेवारी २०१९ मध्ये सुभाषचंद्र यांनी आपल्या समूहाला कर्ज देणाऱ्यांची जाहीर पत्र लिहून माफी मागितली होती. ते पत्र वर्तमानपत्रांत आलं होतं आणि या गृहस्थांनी ते वाचलं होतं. त्यांनी बुकिंग केलं, पण प्रवासाच्या अगदी आधी पैसे भरले. व्यापारी माणूस तिकीट घेतानाही व्यापारी राहतो.

गटाबरोबर गेलो की जहाजावर मी पाहुणा नसे, कामावर असे. बॅलार्ड पिअरवर सामानाला चिठ्ठ्या लावणं, ओळखपत्रं तपासणं, खोल्यांची चावी-कार्डं वाटणं, कोणाची खोली कोणाच्या शेजारी यावरचे रुसवे काढणं. मग आपत्कालीन सराव. हा सराव आमच्या लोकांना पहिल्यांदा गंमत वाटायचा; लाईफ जॅकेट घालून फोटो काढायची झुंबड उडायची. नंतर कर्मचारी गंभीर चेहऱ्यानं नावनिशीवार हजेरी घ्यायला लागला की सगळे चूप. पहिल्या रात्री जहाज किंचित डुलायला लागलं की दोन-चार जण आडवे व्हायचे. आल्याचा तुकडा, कोरडी पोळी आणि जहाजाच्या मधल्या भागातली हवा यावर बहुतेकांचं भागायचं. दुसऱ्या दिवशी तेच लोक सकाळी सहाला डेकवर फिरायला हजर.

दर्यापूरच्या एका बाईंचा प्रश्न मला विसरता येत नाही. पूर्णाकाठचा त्यांचा भाग खारपाणपट्ट्यातला. विहिरीला, बोअरला खारं पाणी. खोलीतल्या नळाला भरपूर गोडं पाणी पाहून त्यांनी विचारलं, "एवढं पानी बंदरातून भरून आनते का हे?" मी एका कर्मचाऱ्याला विचारून सांगितलं, की बरंचसं पाणी जहाजावरच समुद्राच्या पाण्यापासून तयार होतं, इंजिनाच्या उष्णतेवर पाणी उकळून वाफ करायची आणि ती थंड करून गोडं पाणी घ्यायचं. बाई क्षणभर थांबल्या. "मंग आमच्या गावातलं खारं पानी असं गोडं कावून नाही करत कोनी?" त्या सहलीत कोणालाही पडलेला सर्वांत चांगला प्रश्न हाच होता. उत्तर त्या यंत्राच्या खर्चात होतं, आणि तेच उत्तर अख्ख्या जहाजालाही लागू होतं.

कारण जहाज चालवायचं म्हणजे एक लहान गावच रात्रंदिवस चालवायचं. जेवणाच्या वेळा संपल्यावर एका जुन्या गोवेकर कर्मचाऱ्याशी माझ्या गप्पा व्हायच्या. तो म्हणायचा, प्रवासी निम्मे आले तरी जनरेटर निम्मे होत नाहीत, आणि पगारही. वीज, पाणी, एसी, सांडपाण्याची शुद्धी, स्वयंपाकघर, अग्निशमन, शेकडो माणसांचं राहणं-खाणं. त्यावर बंदराची फी, पायलट, टग, विमा. दर पाच वर्षांनी, जहाजांचा दर्जा ठरवणाऱ्या वर्गीकरण संस्थेची मोठी तपासणी, मध्ये गोदीत घेऊन तळाची पाहणी. जहाज जितकं जुनं तितकी पत्र्याची, पाइपांची, तारांची दुरुस्ती जास्त. १ जानेवारी २०२० पासून जगभरच्या जहाजांसाठी इंधनातल्या गंधकाची मर्यादा ३.५ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यावर आली. म्हणजे महाग तेल जाळा, नाहीतर धूर धुण्याची यंत्रणा बसवा. जुन्या जहाजाला दोन्ही जड.

हंगाम संपला की डाळमिलला कुलूप लावता येतं; जहाजाला लावता येत नाही. नांगर टाकून उभं असलेलं जहाजसुद्धा तेल खातं, माणसं खातं, विमा खातं. आपल्याकडे तर जून ते सप्टेंबर अरबी समुद्र खवळलेला. त्या चार महिन्यांत जहाजाला दुसरा समुद्र शोधावा लागतो, नाहीतर रिकामं जळावं लागतं. उरलेल्या आठ महिन्यांच्या कमाईवर बारा महिने काढायचे, शिवाय खरेदीचं कर्ज फेडायचं.

मोठ्या घरचं जहाज आणि एकट्याचं जहाज यांतला फरक मला इथं कळला. कर्णिकेची आधीची पाच नावं पुन्हा पाहा. प्रिन्सेस, ए-रोझा, आयडा, ओशन व्हिलेज, पी अँड ओ ऑस्ट्रेलिया. हे ब्रँड वेगवेगळे असले तरी मागचं घर एकच होतं. आधी पी अँड ओचं, मग २००३ मध्ये ते कार्निव्हल समूहात गेल्यावर त्यांचं. एका देशात चाललं नाही तर दुसऱ्या देशात, एका ब्रँडला नको झालं तर दुसऱ्याला, असं एकोणतीस वर्षं ते जहाज घरातल्या घरात फिरलं. मुंबईत ते पहिल्यांदाच एकटं पडलं. कंपनीकडे जहाज एकच, आणि त्या जहाजाला कंपनीही तीच.

मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे देशातली बंदरं क्रूझ जहाजांना बंद झाली. आमच्या ऑफिसातले फोन त्या महिन्यात जसे वाजले तसे त्याआधी कधी वाजले नव्हते. एप्रिल-मेच्या सुट्टीची बुकिंगं झालेली, शाळांच्या परीक्षांचं काय ते ठरत नव्हतं, आणि प्रत्येकाला एकच विचारायचं होतं : पैसे परत केव्हा?

या धंद्यात पैसा तीन हातांतून जातो. प्रवासी आमच्यासारख्या गावच्या एजंटला देतो, एजंट घाऊक मध्यस्थाला, मध्यस्थ जहाज कंपनीला किंवा हॉटेलला, विमानाला. सहल झाली की सगळ्यांचा हिशेब आपोआप मिटतो. सहल थांबली की पैसा नेमका कोणत्या हातात आहे, हे शोधण्यातच महिने जातात. त्या उन्हाळ्यात वेगवेगळ्या सहलींचे पैसे अनेक मध्यस्थांकडे अडकले. एका मध्यस्थानं रोख परत करण्याऐवजी पुढच्या वर्षीच्या प्रवासासाठी क्रेडिट नोट देऊ केली. कागद चांगला छापलेला होता. मी गिऱ्हाइकांना सांगितलं, की हा कागद उद्या चालेल याची हमी मी देऊ शकत नाही, रोखीचाच आग्रह धरा. काहींना पैसे लवकर मिळाले, काहींना फार उशिरा. अमरावतीच्या एका निवृत्त मास्तरांनी मला सुनावलं, "तुमी आमचा चेहरा पाहून पैसे घेतले, मंग परत कराले त्या मध्यस्थाचा चेहरा कायले दाखवता?" त्यांच्या बोलण्यात तथ्य होतं. गावात विश्वास एजंटच्या चेहऱ्यावर टाकला जातो. पैसा मात्र ज्याचा चेहरा कोणी पाहिला नाही त्याच्या खात्यात असतो.

जून २०२० मध्ये स्पेनच्या पुलमँटुरनं दिवाळखोरीचा अर्ज केला. रॉयल कॅरिबियनची वापरलेली जहाजं चालवणारी ही कंपनी. तिची 'सॉव्हरिन' आणि 'मोनार्क' त्याच उन्हाळ्यात तुर्कस्तानच्या आलियागा इथं तोडायला गेली. २० जुलै २०२० रोजी ब्रिटनची क्रूझ अँड मेरीटाईम व्हॉयेजेस बंद पडली. तिचा सगळा ताफाच जुना. १९६५ साली बांधलेलं 'मार्को पोलो' तर जहाजप्रेमींचं लाडकं. आणि ऑक्टोबरमध्ये जलेश थांबली. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानं कर्णिकेचा लिलाव झाला आणि नोव्हेंबर २०२० मध्ये ती गुजरातेत अलंगच्या किनाऱ्यावर चढवली गेली. जानेवारी २०२१ मध्ये 'मार्को पोलो'ही तिथंच आलं.

अलंगला भरतीच्या जोरावर जहाज वाळूत घुसवतात आणि मग गॅस कटरनं तोडतात. पत्रा रोलिंग मिलकडे जातो. पलंग, गाद्या, काचसामान, स्वयंपाकघरातली स्टीलची टेबलं, मोठी भांडी अलंगच्या रस्त्यावरच्या दुकानांत विकायला येतात; हॉटेलवाले दूरदूरहून ती घ्यायला जातात. दीड वर्षापूर्वी ज्यासाठी आम्ही पत्रकं वाटली, ते वजनावर विकलं गेलं.

तेव्हापासून मला गावात एकच वाक्य ऐकायला मिळे : "जुनं जहाज आनलं, म्हनून डुबली कंपनी." हे मला पटत नाही. एक तर जहाज बुडालं नाही, ते शेवटपर्यंत तरंगत होतं. दुसरं, कर्णिकेची एक जुळी बहीण आहे. त्याच गोदीत १९९१ मध्ये तयार झालेली 'रीगल प्रिन्सेस', पुढं ऑस्ट्रेलियात 'पॅसिफिक डॉन'. २०२० मध्ये क्रूझ अँड मेरीटाईम तिला घेणार होती, तोवर ती कंपनीच बंद पडली. मग पनामाजवळ तरंगती वसाहत करण्यासाठी क्रिप्टो चलनवाल्यांनी ती घेतली, तेही फसलं, मोडीत जाता जाता ती वाचली. 'अ‍ॅम्बियन्स' या नावानं २०२२ पासून ती इंग्लंडातल्या टिलबरीहून प्रवासी घेऊन निघते आहे. नकाशा तोच, गोदी तीच, वय जवळपास तेच.

तिसरा पुरावा तर मुंबईतच आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये कॉर्डेलिया क्रूझेसनं 'एम्प्रेस' हे जहाज मुंबईहून सुरू केलं. तेही १९९० सालचंच. आधी 'नॉर्डिक एम्प्रेस', मग रॉयल कॅरिबियनचं 'एम्प्रेस ऑफ द सीज', मधली काही वर्षं वर सांगितलेल्या पुलमँटुरकडे, आणि रॉयल कॅरिबियननं विकल्यावर आपल्याकडे. ते आकारानं कर्णिकेपेक्षा बरंच लहान, सुमारे ४८ हजार टनांचं. ते चाललं; इतकं, की त्या कंपनीनं १९९९ चं 'नॉर्वेजियन स्काय' आणि २००१ चं 'नॉर्वेजियन सन' ही आणखी दोन जहाजं भाडेकरारानं घेण्याचं जाहीर केलं. तीही वापरलेलीच.

मग एक मोडीत का गेलं आणि दुसरं का चाललं? माझ्या मते तीन कारणं. कर्णिका सुरू झाल्यावर वर्षभरातच समुद्र बंद झाला. एम्प्रेस समुद्र उघडताना आली. कर्णिका मोठी, तिला भरायला रोजच्या रोज जास्त माणसं हवीत, एम्प्रेस लहान. आणि सर्वांत मोठं कारण, कमाई शून्य असतानाही जहाज सहा महिने पोसण्याइतका पैसा मागं हवा. कार्निव्हलनंही २०२० मध्ये अठरा जहाजं ताफ्यातून काढायचं जाहीर केलं, पण त्या समूहाला बाजारातून अब्जावधी डॉलर उभे करता आले. एका जहाजाच्या कंपनीला तेवढा श्वास मिळत नाही. डाळमिलवाल्या गृहस्थांचा प्रश्नच बरोबर होता.

प्रवाशाच्या दृष्टीनं एक गोष्ट कायद्याची आहे आणि ती फार कमी लोकांना ठाऊक असते. भारतात २०१७ चा अ‍ॅडमिरल्टी कायदा आहे. जहाजावर देणी थकली की न्यायालय जहाजालाच अटक करू शकतं आणि विकून रक्कम वाटू शकतं. त्या वाटपात रांग ठरलेली असते : खलाशांचे पगार सर्वांत आधी, आणि तसंच असायला हवं, मग इजा आणि मृत्यूचे दावे, जहाज वाचवणाऱ्यांची देणी, बंदराची देणी, पुढं गहाणवाली बँक. आगाऊ पैसे भरलेल्या प्रवाशाला या रांगेत खास जागा नाही. तो इतर सामान्य धनकोंमध्ये मागं उभा राहतो. ब्रिटनमध्ये क्रूझ अँड मेरीटाईम बंद पडली तेव्हा प्रवाशांचे पैसे तिथल्या ट्रॅव्हल संघटनेच्या हमी-व्यवस्थेतून परत मिळाले. आपल्याकडे सहल कंपन्यांवर अशा हमीची सक्ती नाही.

म्हणून क्रूझबद्दल कोणी विचारलं की आता मी ठरावीक गोष्टी आधीच सांगतो, आणि वाचकांनाही सांगतो. जहाजाचं वय विचारा, पण तिथं थांबू नका. ते चालवणाऱ्या कंपनीकडे जहाजं किती, मागं कोण आहे, तिच्याबद्दल वर्तमानपत्रात काय येतं आहे, हे पाहा. वर्षभर आधी सगळी रक्कम भरू नका. शक्य असेल तर क्रेडिट कार्डानं भरा, कारण सेवा मिळाली नाही तर बँकेकडे दाद मागण्याची एक वाट उघडी राहते. पावती कोणाच्या नावानं मिळाली आणि रद्द झाल्यास पैसे कोण परत करणार, हे लेखी घ्या. तुमचा एजंट भाऊबंद असला तरी घ्या. आणि सरकारला एक मागणी आपण सगळ्यांनी करायला हवी : सहलीसाठी घेतलेली आगाऊ रक्कम प्रवास होईपर्यंत वेगळ्या विश्वस्त खात्यात ठेवण्याची सक्ती करा. बॅलार्ड पिअरला नवं क्रूझ टर्मिनल झालं आहे, जहाजंही येतील, बहुतेक वापरलेलीच येतील. त्यांना घाबरायचं कारण नाही. पैसे भरताना मालकाची कंबर तपासा.